क्राउड आणि एआय दोघंही ‘हो’ म्हणतात तेव्हा: इनोव्हेशन टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इनोव्हेशन टीममध्ये, प्रॉडक्ट रिसर्चमध्ये किंवा एखाद्या स्टार्टअपमध्ये ‘पुढे काय काढायचं’ हे ठरवणाऱ्या लोकांत तुम्ही पहिल्यांदाच बसणार असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. क्राउडसोर्सिंग म्हणजे खूप लोकांकडून (म्हणजेच ‘क्राउड’कडून) कल्पना आणि मतं मागवणं, आणि लँग्वेज मॉडेल म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणारं एआय, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. कुठली कल्पना पुढे न्यायची हे ठरवताना हल्ली या दोघांनाही विचारलं जातं. ज्या गोष्टी कामाला लागल्यावरच कळतात, आणि बहुतेकांना पैसे खर्च झाल्यावर कळतात, त्याच इथे सांगायच्या आहेत.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. अमेरिकन अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी तो १९२१ मध्ये मांडला: जोखीम वेगळी आणि अनिश्चितता वेगळी. जोखमीत शक्यता मोजता येते. विमा कंपनीकडे वर्षानुवर्षांच्या अपघातांच्या नोंदी असतात, त्यावरून हप्ता ठरतो. अनिश्चिततेत मोजायला मागचं काही नसतंच. जी सेवा अजून कुणी वापरलेलीच नाही, तिच्या यशाची टक्केवारी कुठल्या नोंदींवरून काढणार? तरीही मॉडेलला विचारलं की ते आकडा देतं. ‘यशाची शक्यता ७८ टक्के’ असं स्क्रीनवर उमटलं की खोलीतले सगळे निश्चिंत होतात, आणि अनिश्चितता होती तेवढीच राहते.

भरपूर डेटा असला की हा प्रश्न सुटतो असं वाटत असेल, तर घरांच्या खरेदी-विक्रीची वेबसाइट चालवणाऱ्या, अमेरिकेतल्या झिलो कंपनीचं उदाहरण वाचा. घरांच्या किमतींचा एवढा डेटा फार थोड्या कंपन्यांकडे असेल. त्यांनी आपल्या अंदाजांच्या भरवशावर स्वतः घरं विकत घ्यायला सुरुवात केली. बाजाराने वळण घेतलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो अख्खा व्यवसाय बंद करायचं जाहीर करावं लागलं. एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडीत दाखवली गेली, सुमारे पाव कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आणि हे घरांचं होतं, जी आधीपासून अस्तित्वात आहेत. तुम्ही तर नसलेल्या वस्तूचा अंदाज बांधणार आहात.

मग क्राउड कशाला? कारण डेटात अजून न आलेली गोष्ट माणसांना माहीत असते. याचं जुनं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात लोकांनी एका बैलाच्या मांसाचं वजन ओळखायचं होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज निघाला १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८. हे उदाहरण प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतं. त्यातली अट मात्र सांगायची राहून जाते. प्रत्येकाने आपल्या खिशातले सहा पेन्स भरून, आपली चिठ्ठी स्वतः लिहिली होती. शेजाऱ्याचा आकडा त्याच्यासमोर नव्हता.

आता मी ज्या सापळ्याबद्दल सांगणार आहे, तो नेमका या अटीत आहे. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. बाकीचं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही किराणा दुकानदारांसाठी उधारी आणि मालाचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप वाढवत होतो. नव्या सोयी काय द्यायच्या, यासाठी दुकानदार, माल पोचवणारी मुलं आणि आमचे कर्मचारी यांच्याकडून कल्पना मागवल्या. मतदान खुलं होतं आणि प्रत्येक कल्पनेसमोर मतांचा आकडा दिसत होता. दुसरीकडे एक लँग्वेज मॉडेल प्रत्येक कल्पनेला नावीन्य, व्यवहार्यता आणि बाजार या निकषांवर गुण देत होतं. दोन्ही याद्यांच्या डोक्यावर एकच कल्पना आली: मालाची ऑर्डर सुचवणारा चॅटबॉट. मीटिंगमध्ये वाक्य आलं, ‘दोन स्वतंत्र पद्धती एकाच उत्तरावर आल्या आहेत.’ त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. चॅटबॉट तयार झाला, पायलट (थोड्या दुकानांतली आधीची चाचणी) झाला, दुकानदारांनी तो उघडला नाही. त्यांना माल कधी संपतो ते रॅककडे बघून कळत होतं.

नंतर नोंदी उलगडल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पहिल्या दोन दिवसांत ज्या कल्पना वर होत्या, त्याच शेवटपर्यंत वर राहिल्या, कारण लोक वरच्याच वाचत होते. वरच्या कल्पनांपैकी बऱ्याच एआयकडून सुबक करून घेतलेल्या होत्या. वाक्यांची ठेवण एक, शब्द तेच. आणि गुण देणाऱ्या मॉडेललाही तीच ठेवण आवडत होती. म्हणजे क्राउडच्या यादीत मॉडेलची आवड आधीच शिरलेली होती, मग मॉडेलने तीच पुन्हा मोजली. कॉपी केलेले दोन पेपर जुळले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, तसंच हे.

त्याच यादीत खूप खाली, दुकानदाराच्या व्हॉइस नोटवरून उतरवलेली एक ओळ होती: ‘पोरगा गल्ल्यावर बसतो तेव्हा त्याला उधारी लिहिता यावी, पण कुणाची किती ते दिसू नये.’ गुण अगदी कमी, मतं जवळपास नाहीत. या एका ओळीत दुकानाची अब्रू, गिऱ्हाइकाची अब्रू आणि अ‍ॅप घरातल्या कुणाच्या हातात असतं याची माहिती होती. मॉडेल ज्या मजकुरावरून शिकतं, त्या ट्रेनिंग डेटात ती नव्हती. अशा ओळीसाठीच तर क्राउडकडे जायचं असतं.

हे फक्त आमच्याकडे घडलं असं समजू नका. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांचा २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला प्रयोग बघा. चौदा हजारांहून जास्त श्रोते आणि ४८ अनोळखी गाणी. काहींना इतरांचे डाउनलोड दिसत होते, काहींना नाही. ज्यांना दिसत होते त्यांचे आठ वेगवेगळे गट केले होते, आणि प्रत्येक गटात लोकप्रियतेचा क्रम वेगळा लागला. अगदी चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी वाईट सहसा वर आलं नाही. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कल्पना या मधल्याच असतात.

एआय आल्यावर यात भर पडली. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्क या, ऑनलाइन छोटी कामं करून पैसे मिळवायच्या वेबसाइटवरच्या लोकांना वैद्यकीय लेखांचा सारांश लिहायचं काम दिलं. त्यातल्या ३३ ते ४६ टक्के कामांत लँग्वेज मॉडेल वापरलं गेल्याचा त्यांचा अंदाज होता. दोशी आणि हॉसर यांच्या २०२४ मधल्या अभ्यासात एआयची मदत घेऊन लिहिलेल्या छोट्या कथा एकेकट्या वाचल्या तर सरस ठरल्या, पण एकत्र ठेवल्या तर एकमेकींसारख्या निघाल्या. आपल्या कामात घातक आहे तो हाच सारखेपणा.

थोडं गणित करू, म्हणजे धोका किती मोठा ते कळेल. लोकांच्या चुका एकमेकांशी जुळलेल्या असतील आणि तो सहसंबंध (० म्हणजे अजिबात न जुळणं, १ म्हणजे पूर्ण जुळणं) ०.३ धरला, तर १०० जणांच्या सरासरीला जेमतेम ३ स्वतंत्र माणसांच्या सरासरीएवढंच वजन उरतं. सूत्र सोपं आहे: माणसांची संख्या भागिले (१ + (संख्या − १) × सहसंबंध). हजार माणसं घेतली तरी उत्तर साडेतीनच्या वर जात नाही. ‘आम्ही पाच हजार युजरना विचारलं’ असं कुणी सांगितलं, तर त्यांना एकमेकांची उत्तरं दिसत होती का, हे विचारा. नोकरीत नवीन असलात तरी विचारा.

मग करायचं काय? पहिली फेरी झाकलेली ठेवा. मतांचे आकडे दाखवू नका, कल्पनांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवा. व्हॉइस नोट घ्या, मोडक्या वाक्यांत घ्या, ज्याच्या त्याच्या बोलीत घ्या. कल्पना लिहिताना एआय वापरलं का, हे दंड न लावता विचारा. लोक खरं सांगतात. क्राउडची यादी आणि मॉडेलची यादी कधीही एका आकड्यात मिसळू नका. दोन्ही शेजारी ठेवा आणि जिथे सगळ्यात जास्त मतभेद आहे तिथून वाचायला लागा. तळातल्या कल्पना एका माणसाने तरी स्वतः वाचल्याच पाहिजेत.

मॉडेलला परीक्षक करण्यापेक्षा कारकुनाचं आणि विरोधकाचं काम द्या. एकसारख्या कल्पना एकत्र कर, या कल्पनेत काय काय गृहीत धरलंय ते काढ, ही का फसेल त्याची कारणं दे. या कामात ते खरोखर उपयोगी आहे आणि त्याला नाकारून तुम्ही फक्त मागे पडाल. चक्राकार अर्थव्यवस्थेवरच्या, म्हणजे वस्तू फेकण्याऐवजी पुन्हा वापरात आणण्याच्या कल्पनांची तुलना करणाऱ्या २०२४ मधल्या एका अभ्यासातही माणसांच्या कल्पना जास्त नव्या ठरल्या आणि एआयच्या मदतीने आलेल्या जास्त व्यवहार्य. दोघांची ताकद वेगळी आहे. ती वेगळी ठेवली तरच दोघांचा फायदा मिळतो.

आणि स्वतःच्या अंदाजांची वही ठेवा. प्रत्येक पायलटच्या आधी लिहा: ‘तीन महिन्यांनी निम्मे दुकानदार हे वापरत असतील, शक्यता ७० टक्के.’ निकाल लागला की घडलं तर १, नाही तर ० धरा, आणि त्यातून आपला अंदाज (इथे ०.७) वजा करून फरकाचा वर्ग काढा. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. घडलं तर ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०९. नाही घडलं तर ०.४९. हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या मोजमापाचं हे साधं रूप. कायम ‘५० टक्के’ म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. तुमची सरासरी त्याहून वाईट आली तर घाबरू नका, सुरुवातीला खूप जणांची येते, आणि वही ठेवली की ती सुधारते. वही न ठेवणाऱ्याला मात्र आपण कुठे आहोत हेच कधी कळत नाही.

आता माझी काही ठाम मतं. प्रॉम्प्टचे, म्हणजे एआयला द्यायच्या सूचनांचे, तयार संच विकत घेऊ नका. ‘एआय इनोव्हेशन’ची सर्टिफिकेटं गोळा करण्यापेक्षा एक महिना सर्व्हेचे कच्चे प्रतिसाद वाचा. हॅकेथॉन (एक-दोन दिवसांत काहीतरी बनवून दाखवायची स्पर्धा) जिंकणं छान आहे, पण त्याला काम समजू नका. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये आपल्या चित्रपटांच्या शिफारशी १० टक्क्यांनी सुधारण्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, २००९ मध्ये ते दिलंही, आणि ते अख्खं विजेतं मॉडेल प्रत्यक्षात कधी बसवलं नाही. बसवायला लागणारी मेहनत त्यांना फायद्याच्या मानाने परवडणारी वाटली नाही, आणि तोवर धंदा डीव्हीडीकडून स्ट्रीमिंगकडे वळला होता.

मेंटॉरबद्दल तर मी फारच कडक आहे. ज्याने एकही प्रयोग स्वतःच्या हाताने बंद केलेला नाही, त्याच्याकडून अनिश्चिततेबद्दल सल्ला घेऊ नका. मला ज्या बाईंनी हे काम शिकवलं, त्या कधीच ‘हे चालेल’ म्हणत नसत. ‘काय दिसलं तर तुम्ही हे थांबवाल?’ एवढंच विचारत. सुरुवातीला त्यांचा राग यायचा.

इंजिनिअरिंग केलेलं नाही म्हणून कचरत असाल तर मुळीच कचरू नका. बी.कॉम. केलेली, समाजकार्य शिकलेली, घरच्या दुकानात वाढलेली माणसं या कामात फार चांगली ठरतात, कारण समोरचा काय बोलत नाहीये हे त्यांना कळतं. लागणारं संख्याशास्त्र वर्षभरात शिकता येतं. ते शिकावंच लागेल, त्याला पळवाट नाही.

एक अडचण मात्र रोज येईल. साहेबांना एकच आकडा हवा असतो. तुम्ही पल्ला द्या, ‘१५ ते ४० टक्के दुकानदार’ असा, आणि तो अरुंद करायला कोणती चाचणी लागेल, तिला किती खर्च येईल, हे त्याच कागदावर लिहा. खर्चाचा आकडा समोर असला की पल्ल्यावरची कुरकुर बरीच कमी होते. आणि मुलाखतीला जाल तेव्हा, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतील, तेव्हा विचारा: मागच्या वर्षी तुम्ही कोणता प्रयोग थांबवला, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून थांबवला?