घरी बांधायचं डिस्टॉर्शन पेडल: ७४१ चं सर्किट आणि त्यातले बदल

गिटारसाठी पहिलंच पेडल बांधत असाल तर ७४१ या ऑपॅम्पचं, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीचं, सर्किट घ्या. १९७० च्या दशकात एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडीचं २५० ही दोन पेडल्स याच आराखड्यावर निघाली, आणि त्या दोघांत फरक आहे तो मोजक्या भागांचा. या सर्किटचा मोठा फायदा असा की प्रत्येक भागाचं काम सुटं दिसतं. कुठला कपॅसिटर बदलला की आवाजात काय होईल, हे सोल्डरिंग आयर्न तापायच्या आधीच हिशेब करून सांगता येतं. खाली दिलेली मूल्यं २५० च्या वळणाची आहेत.

सर्किट काय करतं

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल व्होल्टच्या दशांशातला असतो. ऑपॅम्प तो वाढवतो आणि पुढे एकमेकांना उलटे जोडलेले दोन डायोड त्याचा साधारण ०.६ व्होल्टच्या वरचा भाग ग्राउंडकडे वळवतात. लहरींचे माथे सपाट होतात, नवे हार्मोनिक्स तयार होतात आणि आपल्याला डिस्टॉर्शन ऐकू येतं.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो, ते ठरतं दोन वाटांवर: आउटपुटकडून पिन २ कडे येणारा १ मेगाओहमचा फीडबॅक रेझिस्टर, आणि पिन २ कडून ग्राउंडला जाणारी कपॅसिटर, ४.७के (के म्हणजे किलोओहम) आणि गेन पॉट (नॉबने बदलता येणारा रेझिस्टर) यांची साखळी. १ मेगाओहमला (४.७के + पॉट) ने भागा आणि १ मिळवा. पॉट शून्यावर असताना उत्तर २१४ च्या आसपास येतं, ५००के वर असताना जेमतेम ३.

सप्लाय एकच, ९ व्होल्टचा. सिग्नलला वर-खाली दोन्हीकडे जागा हवी म्हणून ऑपॅम्पला ४.५ व्होल्टवर बसवावं लागतं. दोन २२के रेझिस्टर ते काम करतात.

सामान

रेझिस्टर (पाव वॉट, मेटल फिल्म): १ मेगाओहम २, ४७०के १, २२के २, १०के २, ४.७के २.

कपॅसिटर: १० नॅनोफॅरड आणि ४७ नॅनोफॅरड फिल्म प्रत्येकी १, १ नॅनोफॅरड १, २२ पिकोफॅरड सिरॅमिक १, १०० नॅनोफॅरड सिरॅमिक १, इलेक्ट्रोलिटिक ४.७, १० आणि १०० मायक्रोफॅरड प्रत्येकी १. इलेक्ट्रोलिटिक २५ व्होल्टचेच घ्या, कारण पुढे कळेल.

बाकी: ७४१ (आठ पिनांचा डीआयपी) आणि त्याचं सॉकेट, १एन४१४८ डायोड २, १एन५८१७ डायोड १, एलईडी १, सी५००के पॉट, ए१००के पॉट, थ्रीपीडीटी फूटस्विच, एक स्टिरिओ आणि एक मोनो जॅक, २.१ मिमीचा डीसी जॅक, ९ व्होल्ट बॅटरीची क्लिप, व्हेरोबोर्ड (तांब्याच्या पट्ट्या आणि भोकं असलेला बोर्ड) आणि ॲल्युमिनियमची पेटी. प्लास्टिकची पेटी घेऊ नका. इतक्या गेनला ती भोवतालचा सगळा हम आत घेते.

गेन पॉटवरचं 'सी' हे अक्षर महत्त्वाचं आहे, त्याचा अर्थ रिव्हर्स लॉग, म्हणजे फिरकीबरोबर रेझिस्टन्स सारख्या प्रमाणात न बदलणारा. तिथे साधा लिनिअर पॉट लावला तर अर्ध्या फिरकीपर्यंत गेन ३ वरून फक्त ५ पर्यंत चढतो आणि बाकी सगळं शेवटच्या टोकाला दाटतं. सी मिळाला नाही तर ए५००के (साधा लॉग) घ्या आणि त्याची १ व २ नंबरची टोकं वापरा. नॉब उलटा चालेल, डावीकडे गेन वाढेल, पण फिरकी सगळी कामाची राहील. लिनिअरपेक्षा हे केव्हाही बरं.

आधी ब्रेडबोर्ड

थेट सोल्डर करायला बसू नका. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायचा बोर्ड) सगळं अर्ध्या तासात जुळतं आणि कपॅसिटर बदलून ऐकायची संधी इथेच असते.

७४१ च्या पिना अशा: २ इनव्हर्टिंग इनपुट, ३ नॉन-इनव्हर्टिंग इनपुट, ४ ग्राउंड, ६ आउटपुट, ७ सप्लाय. १, ५ आणि ८ मोकळ्या सोडा. आयसीवरची खाच वर धरली की पिन १ डावीकडे वर येते.

सप्लायपासून सुरू करा. डीसी जॅकचं धन टोक १एन५८१७ मधून ९ व्होल्टच्या ओळीत न्या. डायोडवरचा पट्टा सर्किटच्या बाजूला. ओळीवरून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड लावा, नॅनोवाला आयसीच्या अगदी जवळ. दोन २२के ९ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये एकापुढे एक जोडा. त्यांच्या सांध्यावर ४.५ व्होल्ट मिळतील. तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, धन टोक सांध्याकडे.

आता सिग्नलची वाट. इनपुटवरून ग्राउंडला १ मेगाओहम. हा नसेल तर फूटस्विच दाबताना ठप्प आवाज येतो. इनपुटवरून १० नॅनोफॅरड, त्यापुढे १०के, आणि तिथून पिन ३. पिन ३ वरून ४.५ व्होल्टच्या सांध्याला ४७०के. पिन ६ आणि २ मध्ये १ मेगाओहम, त्याला समांतर २२ पिकोफॅरड. पिन २ वरून ४७ नॅनोफॅरड, मग ४.७के, मग गेन पॉटची २ व ३ नंबरची टोकं, मग ग्राउंड. कपॅसिटर पिनेला लागूनच ठेवा. त्यामुळे पॉटवर डीसी येत नाही आणि फिरवताना खरखर होत नाही.

पिन ६ वरून ४.७ मायक्रोफॅरड, धन टोक पिनेकडे. पुढे १०के. त्याच्या पलीकडच्या टोकावरून ग्राउंडला तीन गोष्टी: एक १एन४१४८ सुलटा, दुसरा उलटा, आणि १ नॅनोफॅरड. तेच टोक व्हॉल्यूम पॉटच्या ३ नंबरला न्या. २ नंबर आउटपुट, १ नंबर ग्राउंड.

मल्टिमीटरने तपासणी

आयसी न बसवता पॉवर द्या. पिन ७ वर पावणेनऊच्या आसपास आणि पिन ४ वर शून्य दिसलं पाहिजे. पिन ३ वर सप्लायच्या निम्म्यापेक्षा थोडं कमी दिसेल. मीटर स्वतःच ४७०के मधून करंट ओढतो, तेव्हा घाबरू नका. मग पॉवर काढून आयसी बसवा आणि पिन ६ मोजा. ४.१ ते ४.७ व्होल्ट असेल तर काम झालं. ती ८ च्या जवळ किंवा १ ते २ च्या आसपास चिकटली असेल तर फीडबॅकचा १ मेगाओहम सुटला आहे किंवा पिन ३ ला ४.५ व्होल्ट पोचत नाहीत.

व्हेरोबोर्ड आणि पेटी

व्हेरोबोर्डवर आयसीच्या दोन रांगांमधल्या चारही तांब्याच्या पट्ट्या तोडायला विसरू नका. ४ मिमीचं ड्रिल बिट हातात धरून भोकात फिरवलं की पट्टी तुटते. तुटल्यासारखी दिसली तरी केसाएवढी तार शिल्लक राहते, म्हणून प्रत्येक काप मीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा. आधी जंपर, मग रेझिस्टर, मग सॉकेट, शेवटी उंच कपॅसिटर. आयर्न ३५० अंशांवर, सोल्डर ०.८ मिमीचं, रोझिन फ्लक्सवालं. टोक पॅड आणि पाय दोन्हींना टेकवा आणि सोल्डर आयर्नला न लावता सांध्याला लावा. नीट सांधा कडांना उतरता बसतो. गोळा होऊन वर राहिला तर तो कच्चा.

बॅटरीचं ऋण टोक इनपुटच्या स्टिरिओ जॅकच्या रिंगला जोडा. गिटारचा मोनो प्लग घातला की रिंग आणि स्लीव्ह जुळतात आणि पेडल चालू होतं. प्लग काढला की बॅटरी वाचते. अडॅप्टर मध्यभागी ऋण असलेला लागतो. १एन५८१७ लावलाय तो उलटा अडॅप्टर लागला तर आयसी वाचावा म्हणून.

थ्रीपीडीटीचे नऊ पाय म्हणजे तीन वेगळे स्विच. प्रत्येकाचा मधला पाय कायमचा. कोणते तीन पाय एका रांगेचे आहेत हे चित्रावर विसंबून न ठरवता मीटरने शोधा. पहिल्या रांगेत मधे इनपुट जॅकचं टोक, एका बाजूला बोर्डाचा इनपुट. दुसऱ्या रांगेत मधे आउटपुट जॅकचं टोक, त्याच बाजूला व्हॉल्यूम पॉटचं २ नंबर. या दोन्ही रांगांचे उरलेले पाय एकमेकांना जोडा, तो बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नलची सरळ वाट. तिसऱ्या रांगेत मधे ग्राउंड आणि इफेक्टच्या बाजूला एलईडीचा आखूड पाय. लांब पाय ४.७के मधून ९ व्होल्टला.

इनपुटची तार आउटपुटच्या तारेपासून लांब ठेवा. गेन २०० च्या वर असताना त्या शेजारी गेल्या की सिग्नल फिरून आत येतो आणि शिट्टी वाजते. पेटी लांब असेल तर इनपुटला शिल्डेड वायर वापरा आणि तिचं शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. बोर्डाखाली जाड चिकटपट्टी हवीच. पेटी बंद केल्यावर मुकं होणाऱ्या पेडलचा दोष बहुतेक वेळा सोल्डरची बाजू झाकणाला टेकण्यात असतो.

आवाज नाही, किंवा भलताच येतो

अंदाजाने भाग बदलत बसण्यापेक्षा प्रोब बनवा. ॲम्पला जाणाऱ्या केबलच्या टोकाला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, केबलचं ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला जोडा आणि ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवा. गिटारची तार छेडत राहायची आणि कपॅसिटरचा मोकळा पाय एकेका ठिकाणी टेकवायचा: इनपुट, १० नॅनोफॅरडच्या पलीकडे, पिन ३, पिन ६, डायोड, व्हॉल्यूम पॉट. पिन ३ वर स्वच्छ गिटार, पिन ६ वर एकदम मोठा आवाज, डायोडांवर तो लहान पण फाटलेला. जिथे सिग्नल हरवतो, त्याच्या एक पाऊल मागे दोष असतो.

पिन ६ वर सिग्नल आहे पण डायोडांवर जवळजवळ काहीच नाही, तर कपॅसिटर किंवा व्हॉल्यूम पॉटची जोडणी ग्राउंडला शॉर्ट झाली आहे. आवाज येतो पण डिस्टॉर्शन फक्त जोरात वाजवल्यावर, आणि गेन फिरवून फरक नाही, तर पिन २ ची साखळी तुटली आहे. दोन्ही डायोड एकाच दिशेने बसले तर लहरीची एकच बाजू कापली जाते. आवाज मोठा आणि ओबडधोबड येतो. बॅटरीवर शांत पण अडॅप्टरवर गुणगुणतं, तेव्हा अडॅप्टर बदला.

बदल

एका वेळी एकच भाग बदला आणि व्हॉल्यूम जुळवूनच तुलना करा. जास्त मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि डायोड बदलले की व्हॉल्यूम हमखास बदलतो.

सर्वात जास्त फरक पडतो ४७ नॅनोफॅरडच्या जागी. ४.७के बरोबर तो ७२० हर्ट्झच्या खालचा गेन उतरवत नेतो. म्हणूनच पूर्ण गेनला हे पेडल मिडमध्ये टोकदार आणि बेसमध्ये सडपातळ वाटतं. १०० नॅनोफॅरडला ही सीमा ३४० हर्ट्झवर येते, २२० ला १५५ वर. बेस भरतो, पण जाड तारांवरचे कॉर्ड चिखल होतात, कारण बेस आधी कापला गेला की बाकी सगळं त्यात बुडतं. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला १०० छान बसतो, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या) ४७ राहू द्यावा. गेन कमी केला की पॉटचा रेझिस्टन्स वाढून ही सीमा आपोआप खाली सरकते, त्यामुळे कमी गेनला बेस पूर्ण येतो. दोन्ही हवं असेल तर आणखी एक १०० नॅनोफॅरड टॉगलमधून ४७ ला समांतर द्या; सीमा २३० हर्ट्झवर येईल. टॉगलच्या पायांवर २.२ मेगाओहम लावला तर तो टाकताना ठप्प होत नाही.

डायोडांसाठी मधे बंद राहणारा टॉगल वापरा: एकीकडे १एन४१४८ ची जोडी, दुसरीकडे दोन लाल एलईडी, मधे काहीच नाही. एलईडी दीड व्होल्टच्या पुढे कापतात, म्हणून आवाज मोठा, मोकळा आणि पिकच्या जोराला जास्त उत्तर देणारा. मधल्या जागी फक्त ऑपॅम्प स्वतः कापतो. ॲम्पला ढकलायला ही जागा उत्तम. जर्मेनियम हवे असतील तर बसवण्याआधी मीटरच्या डायोड टेस्टवर तपासा. ०.६ दिसलं तर तो सिलिकॉन आहे. सोल्डर करताना पायाला क्रोकोडाइल क्लिप लावा, उष्णतेने ते लवकर जातात. एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक डायोड हा बदल फार गाजलेला आहे, पण खरा फरक सूक्ष्म असतो.

आयसी बदलायचा तर टीएल०७१ थेट त्याच सॉकेटमध्ये बसतो. ७४१ ची बँडविड्थ पूर्ण गेनला पाच हजार हर्ट्झच्याही आत संपते आणि हाच त्याचा गोलाई देणारा गुण आहे. टीएल०७१ तिप्पट वर जातो, हिस कमी, धार जास्त. धार बोचली तर २२ पिकोफॅरडच्या जागी ४७ लावा. टीएल०७२ मात्र चालणार नाही, त्यात दोन ऑपॅम्प असतात आणि पिना वेगळ्या.

टोन कंट्रोलसाठी १ नॅनोफॅरडशी खेळू नका. तो डायोडांना समांतर आहे, आणि डायोड चालू असताना त्याचा प्रभाव उरत नाही. डायोडांनंतर ४.७के लावा, त्याच्या पलीकडून १० नॅनोफॅरड आणि बी२५के पॉट एकापुढे एक ग्राउंडला न्या, आणि तिथून व्हॉल्यूम पॉट. पॉट शून्यावर आला की साधारण साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचं उतरायला लागतं, आणि तिखटपणा नेमका तिथेच असतो.

१८ व्होल्टवर चालवून पाहायचं असेल तर ७४१ ला ते सहज झेपतं. इलेक्ट्रोलिटिक २५ व्होल्टचे घ्यायला सांगितलं ते यासाठी. मात्र डायोड जोडलेले असताना कापण्याची पातळी तेच ठरवतात, सप्लाय नाही, त्यामुळे फरक जवळजवळ ऐकू येत नाही. तो येतो टॉगल मधल्या जागी असताना, जिथे ऑपॅम्पला खरोखर दुप्पट जागा मिळते.