भिंतीवरच्या कागदी चित्राचे कोपरे सुटतात? मैद्याची खळ अशी करा

सोसायटीच्या परवानगीने कंपाउंडच्या भिंतीवर लावलेली कागदी चित्रं सकाळपर्यंत कोपऱ्यांतून सुटायची. पातळ केलेला पांढरा गोंद झाला, कच्चा मैदा झाला, नुसता वैताग.

सुटलेल्या कागदामागे चुन्याचा पापुद्रा दिसला, म्हणून आधी भिंत तारेच्या ब्रशने खरवडून ओल्या फडक्याने पुसली. मग 1 वाटी मैदा 1 वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवला, 3 वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओतला आणि मंद आचेवर ढवळत राहिलो. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. कोमट खळीचा एक हात भिंतीला, त्यावर कागद, मधून कडेकडे दाबत हवा काढायची. वरूनही एक हात, कडांना सढळ. कागद वर्तमानपत्राइतका पातळच हवा. किडे लागत असतील तर चिमूटभर मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) घाला, पण ते विषारी. भांडं परत स्वयंपाकाला नको.