एसएसएलसीनंतरच्या सुट्टीत इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर बसताना

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, शेवटचा पेपर झाला की पोरांच्या हाती भरपूर वेळ असतो. त्याच दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मंडळांची उन्हाळी शिबिरं भरतात. कुठे समाजमंदिरात, कुठे मराठी शाळेच्या वर्गात. लेझीम, चित्रकला, बुद्धिबळ यांच्या जोडीला हल्ली एखादं टेबल इलेक्ट्रॉनिक्सचंही दिसतं. मी उद्यमबागेत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि उन्हाळ्यात असं टेबल सांभाळतो. पहिल्यांदा येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांना शिकवायला उभं राहणाऱ्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्याच दिवशी रोबोट मागू नका. जे स्वतःच्या हातानं पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडता येईल आणि घरी लावता येईल, ते मागा. आमच्याकडे पाण्याच्या टाकीचा अलार्म करतात. नळाला पाणी रोज येत नाही अशा गल्लीत टाकी भरून वाहू लागली की जीव हळहळतो, त्यामुळे या वस्तूचा उपयोग कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सामान थोडंच लागतं: 9 व्होल्टची बॅटरी, बझर, बीसी 547 ट्रान्झिस्टर, 1 किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल पट्ट्यांचा), ब्रेडबोर्ड (पार्टचे पाय नुसते खुपसून जोडायची भोकांची पाटी) आणि वायरचे तुकडे. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून तीन पाय: कलेक्टर, बेस, एमिटर. बझरची लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी कलेक्टरला. एमिटर मायनसला. आता प्लसवरून एक उघडी वायर आणि बेसवरून रेझिस्टरमार्गे दुसरी उघडी वायर काढायची आणि दोन्ही पेल्यातल्या पाण्यात सोडायच्या. पाण्यातून अगदी थोडा करंट बेसला पोचतो, आणि तेवढ्यावर ट्रान्झिस्टर बझरचा मोठा करंट चालू करतो.

इथेच थांबू नका. पेल्यात चिमूटभर मीठ टाका, आवाज चढतो. वळवाच्या पावसाचं पाणी धरून ठेवलं असेल तर त्यात वायरी बुडवा, आवाज बारीक येईल, कारण त्यात क्षार कमी असतात. वायरी तशाच पाण्यात ठेवल्या की काही दिवसांनी प्लसची तांब्याची वायर हिरवी-काळी पडून झिजलेली दिसेल. करंट धातूला खातो, म्हणून घरी लावताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. उसाच्या रानात ओल मोजायला दोन दातांचे स्वस्त सेन्सर लावतात, ते याच कारणानं लवकर जातात. कपॅसिटिव्ह प्रकारचे, म्हणजे ज्यांचा धातू मातीला उघडा लागत नाही असे, जास्त टिकतात.

बऱ्याच जणांचा अलार्म पहिल्या झटक्यात वाजत नाही. खरं शिक्षण तिथून सुरू होतं, असं मी मनापासून मानतो. शिकवणाऱ्यांना विनंती, तेव्हा पुढे होऊन वायर नीट लावून देऊ नका. पोराच्या हातात मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारा आणि वायर सलग असली की बीप देणारा मीटर) द्या आणि विचारा, बॅटरीला किती व्होल्ट दाखवतोय? बझर थेट बॅटरीला लावला तर वाजतो का? मग एमिटर मायनसपर्यंत खरंच पोचलाय का, बीप ऐकून बघ. बहुतेक वेळा वायरचं प्लॅस्टिक न सोलताच ती भोकात खुपसलेली असते, किंवा शेजारच्या पाच भोकांच्या ओळीत गेलेली असते. ते त्याचं त्याला सापडलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

माझी नोकरी हेच आहे. मशीन थांबलं की प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या (वस्तू जवळ आली की सिग्नल देणाऱ्या सेन्सरच्या) तपकिरी वायरीवर 24 व्होल्ट आहेत का, निळी मायनसला आहे का, काळीवर सिग्नल येतो का, असं एकेक ठिकाण मोजत जायचं. व्होल्टेज बदललं, विचारायची रीत तीच.

आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाला, माझा विरोध नाही. पण प्रोग्राम कॉपी करून दिवा लुकलुकला म्हणजे आलं असं होत नाही. आर्डुइनो ऊनो या बोर्डाच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअरच्या आसपासच घ्यावं, त्यामुळे मोटार थेट पिनला जोडता येत नाही, मधे ट्रान्झिस्टर लागतोच. अलार्म ज्यानं केलाय त्याला हे एका वाक्यात कळतं.

सोल्डरिंगला 25 वॉटचं साधं यंत्र पुरतं. टोकावर सोल्डर घेऊन ते जोडावर फासू नका. आधी पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) आणि पार्टचा पाय दोन्ही एकदम तापवा, मग सोल्डरची तार जोडाला लावा, ती आपोआप पसरते. जोड चकचकीत आणि शंकूसारखा हवा. मळकट गोळा दिसला तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, परत तापवा. 60/40 तारेत शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊला हात नाही. आणि 230 व्होल्टला शिबिरात कुणीही हात लावायचा नाही, थोरल्या दादालोकांच्या सांगण्यावरूनसुद्धा नाही. सगळं बॅटरीवर.

मुलींच्या हाती वही आणि मुलांच्या हाती सोल्डरिंग, ही वाटणी मी टेबलावर चालू देत नाही. तुम्हीही देऊ नका.

बेळगावात शिवजयंती वैशाखात होते आणि चित्ररथांची तयारी याच दिवसांत चालते. जनरेटर, लाईटिंग, साऊंड बघणाऱ्या काकांजवळ जाऊन बसा. लोड किती, कोणत्या जाडीची वायर का घेतली, फ्यूज कुठे, हे विचारा. ते प्रेमानं सांगतात. हात मात्र लावायचा नाही.

यात रुची वाटली तर पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत, नाहीतर तीन वर्षांचा डिप्लोमा. आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर डीसीईटी ही कर्नाटकातली प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी शाळेतून आलेल्यांना डिप्लोमाचं पहिलं सेमिस्टर इंग्रजीमुळे जड जातं. पण ट्रान्झिस्टर हातानं लावलेला असेल तर पुस्तकातली आकृती ओळखीची वाटते, आणि तेवढ्या आधारावर पुढचं वाचता येतं.

शिबिर संपल्यावर घरच्यांकडे लॅपटॉपचा हट्ट धरू नका, साधा डिजिटल मल्टिमीटर मागा. आणल्या दिवशी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून मोजा. नवा 1.5 व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, उतरलेला 1.2 च्या आसपास. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि महिन्यानं परत मोजा.