गेमसाठी भाषा कोणती? आधी इंजिन ठरवा

गेम बनवायला शिकणारी मुलं हमखास विचारतात, "मला पायथन येतं, मग गेम पण त्यातच करू ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी इंजिन (चित्र, आवाज, हालचाल सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर, ज्यावर गेम उभा राहतो) निवडा, आणि ते बनवणारे स्वतः ज्या भाषेची मनापासून काळजी घेतात ती उचला.

हे मी जुने दाखले बघून सांगतो. युनिटी या इंजिनात एकेकाळी सी-शार्प, युनिटीस्क्रिप्ट आणि बू अशा तीन भाषा चालायच्या. युनिटीस्क्रिप्ट जावास्क्रिप्टसारखी दिसायची, म्हणून नवखे तिच्याकडे वळायचे. बू आधी मागे पडली, 2017 मध्ये युनिटीस्क्रिप्टही बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि सी-शार्प तेवढी उरली. अनरियल या दुसऱ्या इंजिनाची अनरियलस्क्रिप्ट तर 2014 च्या अनरियल इंजिन 4 मध्ये आलीच नाही; तिच्या जागी सी++ आणि ब्लूप्रिंट (कोड न लिहिता चौकटी जोडून गेमचं वागणं ठरवायची पद्धत) आले.

विद्यार्थ्यांना मी बहुतेक वेळा गोडो हे इंजिन सुचवतो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तिथे खरी निवड जीडीस्क्रिप्ट (गोडोची स्वतःची भाषा) की सी-शार्प एवढीच असते. सी-शार्प नोकरीत कामाला येईल म्हणून मुलं तिकडे ओढली जातात. पण गोडो 4 मध्ये सी-शार्पचा गेम ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट करण्याची अधिकृत सोय अजून नाही, आणि विद्यार्थ्यासाठी ही मोठीच अडचण आहे. तुमचा गेम डाउनलोड करून, झिप उघडून खेळायला फार थोडे लोक तयार होतात. लिंक दाबली की सुरू होणारा गेम मात्र मित्रही खेळतात आणि नोकरी देणारेही. म्हणून सुरुवात जीडीस्क्रिप्टने करा. ती पायथनसारखी दिसते, पण पायथन नव्हे. नमपाय वगैरे पायथनच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) तिच्यात चालत नाहीत. पहिल्या दिवसापासून व्हेरिएबलचे टाइप (त्यात आकडा येणार की मजकूर, ते) लिहायची सवय लावा. बऱ्याच चुका कोड चालवण्याआधीच एडिटरमध्ये लाल दिसतात, आणि आवृत्ती 4 मध्ये असा कोड वेगानेही चालतो.

वेगाची धास्ती मुलांना उगाचच असते. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. त्यातलं चित्र काढणं, टक्कर ओळखणं ही जड कामं इंजिनचा सी++ कोड करतो, स्क्रिप्ट फक्त काय करायचं ते सांगते. हजारो शत्रू प्रत्येक फ्रेमला स्क्रिप्टमधून हलवायला गेलात तर ती दमते. तेव्हाही आधी प्रोफायलर (कुठल्या कोडला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन) लावून बघा, भाषा बदलायचा विचार नंतर.

स्वतःचं इंजिन लिहिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गेमच्या स्क्रिप्टसाठी मी लुआ सांगेन. 1993 मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवता यावी अशीच घडवलेली आहे: छोटी, शुद्ध सी मध्ये लिहिलेली, एमआयटी परवान्याची, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमचे ॲडऑन (खेळाडूंनी केलेल्या जोड-सोयी) तिच्यातच लिहितात. 'सिव्हिलायझेशन' मालिकेच्या चौथ्या भागात पायथन होतं, पाचव्यात लुआ आली. दोन सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात. यादीची मोजणी 1 पासून सुरू होते. आणि 'लोकल' लिहायचं राहिलं तर व्हेरिएबल ग्लोबल होतं, मग त्याची किंमत कुठे बदलली हे शोधत बसावं लागतं. इतरांनी लिहिलेले मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या स्क्रिप्ट) चालवणार असाल तर फाइल आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररी त्यांच्यासाठी बंदच ठेवा, नाहीतर कुणाच्याही स्क्रिप्टला खेळाडूच्या फाइल पुसता येतील.

नोकरीच हवी असेल तर मोबाइल गेमसाठी युनिटी आणि सी-शार्प, मोठ्या कन्सोल गेमसाठी अनरियल आणि सी++. पण गोडोत एक छोटा गेम मेनूपासून शेवटापर्यंत पुरा केलेला असला, की सीन (गेमचे तुकडे), सिग्नल (एका भागाने दुसऱ्याला दिलेला इशारा), फ्रेमचा हिशेब या गोष्टी हातात बसलेल्या असतात. मग युनिटी आणि सी-शार्पकडे वळताना नवीन शिकायचं उरतं ते मुख्यतः व्याकरण आणि त्या इंजिनची नावं.