बर्गे घालण्याआधी पाणी निवळू द्या

पावसाळा सरत आला की बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायची घाई होते. पाणी डोळ्यांदेखत वाहून जाताना बघवत नाही, हे खरंच. पण नदी अजून गढूळ असताना पाणी अडवलं तर गाळही अडतो आणि ऐन उन्हाळ्यात पंप चिखल ओढतो. नदीची धार टिकून असेल तर पाणी निवळेपर्यंत थांबा.

गाळ सगळीकडे सारखा बसत नाही. फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे तुंबलेल्या पाण्यात, शिरताना पाण्याचा वेग मोडतो, म्हणून गोटे आणि जाड वाळू तिथेच, भिंतीपासून बरीच वरच्या अंगाला पडते. मऊ गाळ मात्र भिंतीपर्यंत येतो. त्यामुळे नुसती भिंतीजवळची खोली बघून निर्धास्त राहू नका. वरच्या टोकाला भर वाढून साठवण कमी होत असते. खुणा केलेला बांबू घ्या, दरवर्षी त्याच जागी खोली मोजा आणि लिहून ठेवा.

गाळ धुऊन काढायचा तर नदी वाहती हवी. पाणी तुंबलेलं ठेवून खालचं दार उघडलं, तर दारासमोर नरसाळ्यासारखा खड्डा पडतो, बाकी गाळ जागचा हलत नाही. पावसाळ्याआधी सगळे बर्गे निघाले, तर सुरुवातीच्या पुरांतच सैल गाळ बराच जातो. यात हयगय नको. बर्गे अडकून राहिले आणि गाळ वर्षानुवर्षं दबला, की तो घट्ट होतो. मग पूर त्यातून फक्त एक नाली कोरतो. कडेच्या थरावर लव्हाळा उगवला की मुळं त्याला आणखी धरतात.

आटलेल्या नदीत मात्र एकदम गाळ सोडू नका. पाण्यातला प्राणवायू घटून मासे मरतात, खालच्या अंगाचे पंप गाळाने भरतात. दार उघडण्याआधी खालच्या गावांना कळवाच.

नवा पंप बसवताना वळणाचा बाहेरचा काठ निवडा. तिथे पात्र खोल राहतं, गाळ आतल्या काठाला बसतो. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप, तळापासून हातभर वर टांगा.

काढलेला गाळ रानात टाकण्याआधी चिमूटभर भिजवून बोटांत चोळा. कचकच लागली तर वाळू जास्त. तो गाळ रानात नको. चिकट वळी झाली तर हलक्या, मुरमाड रानाला चांगला. भारी काळ्या रानात तो घालू नका, निचरा बिघडतो. आणि क्षार किती आहेत, हे माती परीक्षणात आधी बघून घ्या.