अंगणवाडीत रंग घेऊन निघालात? गडचिरोलीच्या आत जाताना या चुका टाळा

भामरागड, एटापल्ली, धानोरा भागातल्या अंगणवाड्यांत चित्रकलेची कार्यशाळा घ्यायला पुणे-मुंबई-नागपूरहून स्वयंसेवक येतात. हौस खरी असते, सामानही भरपूर असतं. चुका मात्र दरवर्षी त्याच. हल्ली त्यात एक पालुपद वाढलंय: 'आता तिकडं शांत झालंय.' ऑक्टोबर २०२५ मधली माओवाद्यांची मोठी शरणागती सगळ्यांनी वाचलेली असते. चार वर्षांच्या पोरानं ती वाचलेली नसते. दार दाणकन आपटलं की ते अजूनही सेविकेच्या पदराआड जातं.

'तुला कशाची भीती वाटते, ते काढ'

सगळ्यात वाईट चूक हीच, आणि ती करणारे सगळ्यात चांगल्या मनाचे असतात. दोन दिवसांचं शिबिर करून आलेल्या उत्साही माणसाला वाटतं, मूल कागदावर मन मोकळं करेल. तीन ते सहा वर्षांचं मूल असं सांगून मोकळं होत नसतं. साडेतीन वर्षांचं मूल रेघोट्या मारतं आणि मारून झाल्यावर 'हा कोंबडा' म्हणून सांगतं. पाच मिनिटांनी त्याच कोंबड्याची आई होते. त्यात जखमा शोधू नका. चारेक वर्षांची मुलं माणूस काढतात तो डोक्यालाच हातपाय फुटलेला. हात विसरले म्हणजे आघात नव्हे. काळा खडू जास्त वापरला म्हणजेही नव्हे. बहुतेकदा तो हाताशी असतो आणि कागदावर सगळ्यांत ठळक उठतो, एवढंच.

आता मुलानं खरंच बंदूक काढली तर काय? एका अंगणवाडीत असंच झालं. पाच वर्षांच्या मुलानं लांब नळीची बंदूक घेतलेला माणूस काढला. स्वयंसेवक तरुण खाली वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारता झाला, 'अरे वा, हा कोण? कुठं पाहिलास? घरी आला होता का?' खोली गप्प झाली. मदतनीस चुलीवरचं सोडून दारात आली. मुलानं त्या माणसावर हिरवा खडू फिरवून झाड करून टाकलं. तरुणानं तोवर मोबाइलवर फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आलीच नाहीत.

यात चुकलं काय, ते नीट समजून घ्या. या भागात 'पोलिसांचा खबऱ्या' हा शब्द जीवावर उठलेला आहे, आणि दुसरीकडून 'माओवाद्यांना भाकर देणारा' हा संशयही तितकाच महाग पडतो. मुलाच्या चित्रातला माणूस वर्दीतला आहे की दुसऱ्या बाजूचा, हे तुम्ही मोठ्यानं विचारलंत की त्याचं घर दोन्हीकडून अडचणीत येतं. म्हणून प्रश्न एकच, तोही हळू आवाजात: 'यात काय काय आहे, सांगायचंय?' मूल बोललं तर ऐका, नाही बोललं तर दुसरा कागद द्या. चेहऱ्यावर धसका नको आणि कौतुकही नको. मूल आठवड्यानंतर आठवडे तेच तेच चित्र काढत असेल, शिवाय जेवण-झोप बिघडली असेल, तर सेविकेशी एकांतात बोला. पुढं कुणाला सांगायचं ते ती ठरवेल, तिला गाव माहीत आहे.

चित्रावर नाव-गाव लिहू नका. ओळखीसाठी मुलानं ठरवलेली खूण पुरते: पान, मासा, चांदणी. फोटो काढायचाच तर चित्र रंगवणाऱ्या हातांचा, तोही विचारून, आणि फोनमधलं ठिकाण दाखवणं बंद करून. चित्रं शहरात प्रदर्शनाला नेणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे: चित्र मुलाचं आहे, ते त्याच्या घरी जाऊ द्या.

कपडे, गाडी, तारखा

लष्करी ठिपक्यांची पँट, तशीच सॅक, हिरवट टोपी घरी ठेवा. फॅशन म्हणून घेतलेली असते, मान्य. गावाला ते कसं दिसतं याचा विचार करा. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, प्रशासनाला कळवा, पण अंगणवाडीपर्यंत पोलिसांच्या गाडीतून उतरू नका. दिवस मावळायच्या आत परत फिरा. २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर हे माओवाद्यांचे सप्ताह. त्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तसंही तुटतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला अख्खं घर पहाटेच जंगलात गेलेलं असतं. तेव्हा 'मुलं कमी का आली' म्हणून सेविकेवर चिडू नका.

फुगे

नकोत. फुटतातच. शिट्टी आणि टाळ्यांचा कडकडाटही नको.

मराठीतून लांबलचक सूचना

मुलं माडिया किंवा गोंडी बोलतात. सिरोंच्याकडं तेलुगू, कोरचीकडं छत्तीसगढी. 'आता आपण सगळ्यांनी मिळून...' यातलं काहीही पोचत नाही. जोहार म्हणा, बसा, स्वतः एक रेघ ओढा. सेविकेला आदल्या दिवशीच रंगांची नावं विचारून वहीत लिहून घ्या. तिला दुभाषी म्हणून कोपऱ्यात उभं करू नका; ती आणि मदतनीस, दोघींना मुलांबरोबर खाली बसवा, कारण तुम्ही गेल्यावर खडू त्यांच्याच कपाटात राहणार आहेत.

तांदूळ-डाळ चिकटवून चित्र

ज्या खोलीत मुलांची वजनं करून कार्डावर ठिपके मांडतात, तिथं तुम्ही वाटीभर डाळ फेविकॉलनं कागदावर चिकटवणार? मिठाच्या कणकेचंही तेच. शिवाय भुकेलं मूल ती खातं आणि तेवढं मीठ पोटात जाणं बरं नव्हे. माती वापरा. चाळलेली चिकणमाती रात्रभर भिजत घालायची, सकाळी तुडवून मळायची. दहा मुलांना चार किलो पुरते, मुलामागे मोसंबीएवढा गोळा. हाताला चिकटली तर कोरडी चाळलेली माती भुरभुरायची, तडे गेले तर ओला हात फिरवायचा. ऐन वेळी नदीवरून आणलेल्या मातीत खडे आणि काचा निघतात. घाई करणाऱ्यांच्या वाट्याला रडारड येते.

सामानाचे घोळ

झेरॉक्सचा कागद ओल्या रंगानं फाटतो. १२० ते १५० जीएसएमचा जाड कागद घ्या, ए-थ्री आकाराचा, मुलामागे तीन. टेप सारवलेल्या जमिनीला चिकटत नाही. चार कोपऱ्यांना चार खडे ठेवा. स्केचपेन नकोत, टोपणं पहिल्या दहा मिनिटांत हरवतात. जाड मेणखडू आणा, कागद सोलून मधोमध मोडा: भांडणं निम्मी होतात. काळे जास्तीचे ठेवा.

पोस्टर रंग ताकासारखा पातळ केलात की ओघळतो. दह्याइतका दाट हवा. रंग तीनच: लाल, पिवळा, निळा, बाटलीच्या टोपणात चमचा-चमचाभर. नवशिके बारा डबे उघडतात आणि पाऊण तासात सगळं शेणाच्या रंगाचं होतं. हळदीत चुना घालून लाल करायची जादू दाखवायचा मोह होईल. चुना डोळ्यात गेला तर मोठं संकट. पळसाची फुलं कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, केशरी रंग निघतो आणि कुणाला इजा नाही.

हात रंगात बुडवण्याआधी पाणी आणा, नंतर नाही. हातपंप कधीकधी लांब असतो. दोन बादल्या, एक साबणाची, एक साधी, आणि जुन्या सुती साडीचे तुकडे दाराशी. एका मोठ्या माणसामागे आठच मुलं, तीही खाऊ खाऊन झालेली. वीस-पंचवीस मिनिटांत मुलं उठू लागतात, उठू द्या. गणपतीची छापील बाह्यरेषा रंगवायला देऊ नका आणि कुणाची रेघ दुरुस्त करू नका.

एकाच दिवसासाठी येणार असाल तर तेवढ्या पैशात कागद-खडू घेऊन सेविकेकडे पोचते करा. यायचंच असेल तर त्याच चेहऱ्यांनी, महिन्याच्या अंतरानं, निदान तीनदा. पहिल्या खेपेला मागं भिंतीला चिकटून बसलेलं मूल तिसऱ्या खेपेला बादलीत हात घालायला पुढं येतं.