थायलंडमध्ये घर घेताय? या चुका टाळा

बँकॉक-पट्टायात कॉन्डो (इमारतीतली सदनिका) घेणाऱ्या ओळखीच्यांचे कागद मी बघून देतो. लोक फरशी, बाल्कनी, स्विमिंग पूल तासन्‌तास बघतात आणि पैसे मात्र पाच मिनिटांत पाठवून मोकळे होतात. घोळ तिथेच होतो.

परदेशी माणसाच्या नावावर कॉन्डो व्हायचा तर रक्कम परकीय चलनात थायलंडला पोहोचून तिथल्या बँकेत तिचे बाथ (थाई चलन) व्हावे लागतात. लँड ऑफिस त्याचा पुरावा मागतं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने दर बरा मिळतोय म्हणून पाठवणाऱ्या बँकेतच बाथ करून घेतले. नोंदणीच्या दिवशी आम्हाला काउंटरवरून परत फिरवलं. विकणारा थांबायला तयार नव्हता, इसारा अडकला. शेवटी सगळी रक्कम बाहेर पाठवून पुन्हा डॉलरमध्ये आणली; चलन बदलण्याचा तोटा दोनदा सोसला. त्याच्या बायकोचा त्या दिवशीचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी आधी छोटी रक्कम पाठवायला लावतो. कारणाच्या रकान्यात कॉन्डो खरेदी, नाव पासपोर्टवर आहे तसंच. थाई बँकेचा कागद हातात पडला की मगच पुढची रक्कम. 50,000 डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर परकीय चलन व्यवहाराचा फॉर्म मिळतो, कमी असेल तर बँकेकडून पत्र घ्यायचं.

इसारा देण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाला परदेशी कोटा विचारा. एकूण सदनिकांच्या क्षेत्रफळापैकी 49 टक्के आधीच परदेशी लोकांच्या नावावर असतील तर विषय संपला.

बंगल्याचं वेगळं. जमीन आपल्या नावावर होत नाही, वरचं बांधकाम होऊ शकतं. म्हणून जमीन भाड्याने घेतात आणि एजंट ‘30 अधिक 30 अधिक 30’ असं गोड गणित मांडतो. कायद्यात मुदत 30 वर्षांचीच. पुढचं नूतनीकरण हे मालकाचं वचन, आणि मालक बदलला की ते वचन नव्या मालकाला बांधत नाही. मी 30 वर्षांचाच हिशेब करतो. त्यात परवडत नसेल तर घेऊ नका. करार लँड ऑफिसात नोंदवा, नाहीतर तीन वर्षांपलीकडे तो टिकत नाही. बांधकाम परवाना स्वतःच्या नावावर काढा. घराचं नोंदणी पुस्तक म्हणजे मालकी नव्हे.

नावापुरते थाई भागीदार दाखवून कंपनीच्या नावाने जमीन घेऊ नका. तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता कर्ज. थाई बँका परदेशी माणसाला गृहकर्ज क्वचितच देतात, तेव्हा कर्जाच्या भरवशावर इसारा देऊ नका. घेतलेल्या कॉन्डोवर पैसे उचलताना तर जास्त जपा. सावकार ‘गहाणच आहे’ म्हणत ‘खाय फाक’चा कागद पुढे करतो. ती मुदत खरेदी आहे: नोंदणी झाली त्याच दिवशी मालकी त्याची, आणि मुदत चुकली की घर गेलं. खऱ्या गहाणात मालकी तुमच्याकडेच राहते, वसुलीसाठी त्याला कोर्टात जावं लागतं. कागद थाई भाषेत असतो, म्हणून सही करण्याआधी स्वतः नेमलेल्या दुभाष्याकडून तो ओळ न् ओळ वाचून घ्या. सावकाराने आणलेला दुभाषी चालणार नाही.